सप्ताळूची आठळी

आक्का, तू गेल्याचा गणेशचा फोन आला तेव्हा मी त्याला विचारलं, "कुठं?"

तो बिचारा म्हणाला होता, "मावशी, आई गेली." आणि मी विचारलं, कुठं गेली म्हणून. कारण तुझा काय भरवसा! दवाखान्यातून उठून परस्पर माहूरला दर्शनाला गेली असशील, नाहीतर नांदेडला लुगडी बघायला. तू असले उद्योग केलेले आहेत. तिकडून गणेश रडायलाच लागला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

तू म्हणायचीस, "कुशे, तू देवाच्या तीर्थातसुद्धा आधी बोट बुडवून बघशील." असेन मी संशयी. पण मला संशयी केलं कुणी? सख्ख्या थोरल्या बहिणीनं. आणि तेही एका झाडापायी.

लोकांना वाटेल, मुदखेडच्या रेल्वे लाइनीच्या अलीकडं एका घराच्या परसात सप्ताळूचं झाड आहे म्हणजे ही बाई थापा मारते. मलाही आधी तसंच वाटलं होतं. सप्ताळू म्हणजे थंड मुलखातलं फळ, बाजारात हल्ली त्याला पीच म्हणतात. आपल्याकडं मे महिन्यात माणूस भाजून निघतो, तिथं ते कसं येणार? आणि आलं तेही कसलं, तर चपटं! वरून-खालून दाबलेलं, मधोमध अंगठा रुतवल्यासारखा खड्डा, अंगावर बारीक लव, एका गालावर लाली. तू पहिल्यांदा ताटात ठेवलंस तेव्हा मी म्हणाले होते, "कोण बसलं होतं गं याच्यावर?" तू आठ दिवस माझ्याशी नीट बोलली नाहीस.

तुझ्या घरात त्याला पेढा म्हणायचे. "औंदा झाडाला लई पेढे लागलेत" असं तू फोनवर सांगायचीस आणि इकडं लातुरात आमचे हे दचकून बघायचे. शेजारच्या चाची त्याला शफ्तालू म्हणायच्या. मी उभा जन्म मराठी शिकवलं, मी म्हणायचे, सप्ताळू म्हण, चांगला जुना शब्द आहे, घरातला आहे. तू म्हणायचीस, "तुझ्या शब्दाला काय रस निघून राहिला का? खा गुमान." आणि मी गुमान खायचे. कारण त्या फळाचा वास नाकाशी आला की माझी सगळी मास्तरकी संपायची. साल हातानं सुटायची. आतला गर पांढरा, आणि मनगटापर्यंत ओघळणारा रस.

पण आठळी? आठळी तू कधी हाती लागू दिली नाहीस.

हे मी आज सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू नाहीस, त्यामुळं मध्ये तोंड घालायला कुणी नाही. दरवर्षी उन्हाळ्यात येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती तू मला डबा पाठवायचीस. उघडला की आत फोडी. आठळ्या काढलेल्या. लातूरला येईपर्यंत त्या फोडी काळवंडलेल्या असायच्या. मी फोन करून म्हणायचे, "आक्का, अख्खं फळ पाठवत जा की." तू म्हणायचीस, "प्रवासात दबतंय गं." अगं, मुळातच दबलेलं फळ, ते आणखी काय दबणार होतं?

मुदखेडला तुझ्याकडं आले तरी तेच. तू ताट घेऊन बसायचीस, एकेक फळ चिरायचीस, आणि आठळी सरळ तुझ्या पदरात. एकदा मी अख्खं फळ हिसकून घेतलं, खाल्लं आणि आठळी गालात धरून बसले. तू दोन गोष्टी बोललीस, इकडची तिकडची, मग माझ्या तोंडापुढं हात धरलास. "टाक." नातवंडं झालेली बाई मी, लहान पोरीसारखी तुझ्या तळहातावर आठळी टाकली. तुझी सगळी पडवी हसत होती. मीपण हसले, पण मनात म्हणाले, काहीतरी आहे खास. हिला हे झाड दुसऱ्या कुणाच्या दारात नकोय. माझ्या तर नकोच नको.

विचारलं तर म्हणायचीस, "तुमच्या लातुरात माणसाला पाणी मिळंना, झाडाला कुठून आणशील?" हे बोलणं मला लागायचं.

आणि झाड आलं कुठून, तेही तू कधी धड सांगितलं नाहीस. आपल्या आईला सांगितलंस, माहूरच्या पायऱ्यांवर एका यात्रेकरू जोडप्यानं प्रसाद म्हणून फळ दिलं, त्याचं हे झाड. आई मरेपर्यंत त्याला हात जोडायची. मला सांगितलंस, भाऊजींच्या ओळखीच्या हैदराबादकडच्या रेल्वेच्या एका गार्डानं रोप आणून दिलं. आणि सुनेला, शुभांगीला, सांगितलंस की मोरीच्या पाण्यावर आपोआप उगवलं. एका झाडाला तीन जन्म! मी एकदा तिन्ही गोष्टी तुझ्यापुढं मांडल्या आणि विचारलं, यातली खरी कोणती. तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तुला कोणती पटून राहिली?" मी म्हणाले, एकही नाही. "मग झालं तर," म्हणालीस आणि सूप घेऊन पाखडायला लागलीस. हे भांडण तिथंच राहिलं, आक्का. मी पुढच्या वेळी उकरून काढणार होते.

अंत्यविधीला आले तेव्हा परसात गेलेच नाही. तेरवीला आले आणि सरळ मागं गेले. तुझ्या फोटोला हार घालायच्या आधी झाड बघायला गेले, हे तुला आवडेल म्हणून सांगते.

बघते तर काय! झाडावर एक पान नाही. नुसत्या काड्या. बुडाभोवतीची माती खणून काढलेली, मुळ्या उघड्या पडलेल्या, उन्हात तडकून राहिलेल्या. आळ्यात पाण्याचा टिपूस नाही. आणि बाजूलाच विटांचा ढीग.

माझ्या अंगाची लाही झाली. वाटलं, घ्या! आईची राख थंड झाली नाही तोच लेकानं आणि सुनेनं खोल्या बांधायला काढल्या. भाडेकरू ठेवणार, आणि आधी झाडाचा काटा काढणार. तोडलं तर मावशी बोंबलेल, म्हणून उपाशी मारून राहिलेत. शुभांगी दारात डोळ्याला पदर लावून भेटली होती, तेही मला खोटं वाटायला लागलं. मी तिला कधी फार जवळ केलं नव्हतं. मुकी-मुकी असते, आणि मुक्या माणसाचा मला जास्त संशय येतो.

मी नळाची तोटी फिरवली, पाइप ओढत आणला आणि आळ्यात धरला. पाणी यायच्या आत मागून धावत शुभांगी आली आणि पाइपवर पाय देऊन उभी राहिली.

"मावशी, पाणी नका सोडू!"

"पाय काढ."

"न्हाई मावशी. ताण हाय."

"ताण? कुणाला ताण आहे? तुला? आम्हाला काही ताण नाही का? माझी बहीण गेलीय!"

"मला न्हाई ओ. झाडाला ताण दिलाय."

तेरवीची माणसं गोळा झाली. मी इकडून पाइप ओढते, ती तिकडून दाबून उभी. गणेश म्हणतो, मावशी बसा, पाणी घ्या. मी म्हणते, मला नको, झाडाला द्या! आता आठवलं की हसू येतं. तेव्हा मात्र मी पाइप सोडायला तयार नव्हते. तुझं एवढं एकच काहीतरी जिवंत उरलं होतं, आणि तेही ही माणसं माझ्या डोळ्यांदेखत संपवून राहिली, असं मला खरंच वाटत होतं.

मोसंबीच्या बागेला ताण देतात हे मी ऐकून होते. बहार धरायचा तर पाणी तोडायचं, मुळ्यांना ऊन दाखवायचं. झाडाला वाटायला पाहिजे की आता काही खरं नाही, मग ते फुलावर येतं. शुभांगी म्हणाली, ह्याचंही तसंच. थंड मुलखात बर्फाच्या गारठ्यानं हे झाड झोपतं आणि उठून फुलतं. आपल्याकडं कुठला आलाय गारठा? म्हणून थंडीत त्याचं पाणी तोडायचं, पानं हातानं ओरबाडून काढायची, मुळ्या उघड्या टाकायच्या. ते झोपतं. मग शेणखत घालून माती ओढायची आणि पाणी द्यायचं. एरवी नुसती पानंच पानं, फळ एक नाही.

"तुला कुणी शिकवलं हे?" मी विचारलं. मनात म्हणत होते, पढवलेली आहे.

"आत्याबाईंनीच." ती तुला आत्याबाई म्हणायची. "दवाखान्यात जायच्या आधी हितं खुर्ची टाकून बसल्या अन् माझ्याकडून खणून घेतलं. मुळीला धक्का लागला की ओरडायच्या. म्हणल्या, मी येईन न येईन, संक्रांत झाल्याबिगर थेंब सोडू नको." मग पुढं म्हणाली, "म्हणल्या, कुशी येईल, झाड बघून रडंल, अन् पाणी ओतायला बघंल. तिला ओतू देऊ नको."

आणि विटा? विटा तेरवीच्या स्वयंपाकाच्या चुलीसाठी आणलेल्या होत्या.

आता सांग, मी काय करायचं होतं? तू मेल्यावरसुद्धा माझ्यावर पहारा बसवून गेलीस. सगळ्या पाहुण्यांसमोर! मी पाइप टाकला, पायरीवर बसले, आणि तुझ्या नावानं जे रडले ते तिथं. अंत्यविधीला मला रडू आलं नव्हतं. बायका कुजबुजत होत्या, लातूरची बहीण लई खंबीर.

तरी माझा संशय फिटला नव्हता हं. ताणाचं पटलं, आठळीचं राहिलंच होतं. जेवणं उरकल्यावर सगळे ओसरीवर टेकले तशी मी स्वयंपाकघरात गेले. फडताळाच्या वरच्या फळीवर तुझा तो जुना तुपाचा डबा. हलवला तर आत खुळखुळ. उघडला. आठळ्या! गेल्या उन्हाळ्यातल्या, धुऊन, सुकवून ठेवलेल्या, चपट्या-चपट्या, बटणासारख्या. मी एक उचलली आणि कमरेच्या पिशवीत टाकली. कुणी बघितलं नाही अशी माझी खात्री होती.

"घ्या की मावशी," दारातून शुभांगी म्हणाली. "चोरून कशाला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मागं हटेन तर मी कसली! म्हणाले, "चोरून नाही तर काय करू? तुझ्या आत्याबाईनं जन्मात दिली नाही."

ती मला मागच्या कंपाउंडच्या भिंतीशी घेऊन गेली. तिथं ती किडकिडीत झाडं आहेत ना, भिंतीला धरून? मी तुला मागं विचारलं होतं, ही कसली? तू म्हणाली होतीस, काश्मिरी बदामाची. मुदखेडात काश्मिरी बदाम! तेव्हाच मला वास आला होता, पण तू विषय जामाच्या, म्हणजे पेरूच्या, झाडावर नेलास आणि मी पेरू खात बसले.

"ही सगळी पेढ्याच्याच आठळ्यांची," शुभांगी म्हणाली. "दर साली आत्याबाई लावायच्या. कितीतरी मेली. जगली त्यातलं हे, ह्याला गोल फळं येतात, बोराएवढी, तोंडात धरवत न्हाई. ह्याला फळच न्हाई. ते कडंचं चपटं निघालं, पण आंबट ढाण. कलम कराया माणूस आणला होता, थोरल्या झाडाचा डोळा काढून ह्याच्यात भरला, तो बी वाळून गेला. आठळी कशी निघंल त्याचा काई नेम न्हाई, मावशी. आई-झाडासारखी एक निघाली न्हाई."

"मग तेच सांगायचं होतं मला! एक आठळी द्यायची आणि म्हणायचं, नेम नाही म्हणून."

शुभांगी पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागली. शेवटी म्हणाली, "म्या बी त्यांना हेच म्हणले. तर म्हणल्या, न्हाई गं बाई. कुशीला आठळी दिली अन् चार साल पाणी घालून गोल निघाली, तर मरेपर्यंत म्हणंल, आक्कानं मुद्दामच तसली दिली. आदी चांगली निघू दे एखादी. मग तिचं रोपच देते."

मी विचारलं, "मरेपर्यंत म्हणजे कुणी मरेपर्यंत? आक्का की मी?" शुभांगी आत गेली, चहा ठेवायला.

मी त्या किडकिडीत झाडांपाशी उभी राहिले. राग आला होता, खरंच सांगते. किती वर्षं! दर उन्हाळ्यात तू फोडी करून मला डबा पाठवायचीस, आणि त्याच आठळ्या भिंतीशी लावून वाट बघायचीस की एखादी तरी माझ्यालायक निघेल. आणि मी इकडं सगळ्या नात्यागोत्यात सांगत फिरायचे, आमची आक्का आपमतलबी, बी-सुद्धा सुटत नाही तिच्या हातून.

आणि म्हणाले असते का मी? गोल निघाल्यावर, आक्कानं मुद्दाम दिली म्हणून? शंभर टक्के म्हणाले असते! तुझ्या तोंडावर म्हणाले असते, नांदेडपर्यंत ऐकू गेलं असतं. पण तू म्हणू द्यायचं होतंस ना गं. तू चिडली असतीस, आठ दिवस बोलली नसतीस, मग दुसरी आठळी पाठवली असतीस. तीही गोल निघाली असती. आपलं म्हातारपण किती मजेत गेलं असतं. मला भांडण चाललं असतं. चांगली निघेपर्यंत थांबायला तुला सांगितलं कुणी होतं?

आणि एवढं करून तू माझ्यासाठी झुरत होतीस, असंही मी लगेच मानणार नाही. तीन जणांना तीन गोष्टी सांगणारी बाई तू. सुनेला चौथी सांगितली नसशील कशावरून? पण ती भिंतीशेजारची झाडं खोटी नाहीत. त्यांच्या बुडाला विटेचे तुकडे रचलेत, तुझ्याच पद्धतीनं, वाकडे.

आठळी मी घेऊन आले. शुभांगीनं सांगितलं, आपल्याकडं ती अशी मातीत टोचून चालत नाही, तिला आधी थंडी दाखवायची. ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात नाही, खाली भाजीत. मी तुझी दस्ती काढली, ती निळ्या काठाची, जी तू माझ्याकडं विसरून गेली होतीस आणि मीच ढापली असा आरोप करायचीस. त्यात आठळी गुंडाळली आणि शेपूच्या जुडीखाली ठेवली. हे रोज विचारतात, फ्रिजमध्ये रुमाल का आहे. मी म्हणते, आक्का झोपलीय, हात लावू नका.

संक्रांतीनंतर शुभांगीचा फोन आला, माती ओढली, पाणी सोडलं. मी म्हणाले, बरं. मग एक दिवस तिनं फोटो पाठवला. झाडावर पान नाही आणि सगळ्या काड्या गुलाबी फुलांनी भरलेल्या. मी तिला लगेच फोन लावला, "हा मागच्या सालचा फोटो तर नाही ना?" बिचारी हसायला लागली. म्हणाली, व्हिडिओवर या. मग फोन हातात घेऊन झाडाभोवती फिरली. फुलं दाखवली, आळं दाखवलं, पुरावा म्हणून त्या तेरवीच्या विटाही दाखवल्या. मागं दोरीवर तुझं हिरवं लुगडं वाळत होतं. मी म्हणाले, ते का काढलंस? ती म्हणाली, "घड्या मोडल्या न्हाई तर विरून जाईल, मावशी." ती नुसती फुलं दाखवत राहिली. तुझी सून चांगली आहे, आक्का. हे मी तुझ्या हयातीत कबूल केलं नसतं.

मला तुझी फार आठवण येते. दुपारी चहाच्या वेळेला हात फोनकडं जातो. कुणाशी तरी वाकडं बोलावं असं वाटतं आणि त्या लायकीचं कुणी उरलेलं नाही.

परवा दस्ती उघडली. आठळीला चीर गेली होती, आणि आतून पांढरं टोक बाहेर आलं होतं. मी ती कुंडीत लावलीय, आमच्या गच्चीवर. लातुरात, हो. पाण्याचं मी बघेन.

आता तीन-चार साल वाट बघायची. तोवर मी असले तर सांगते काय होईल ते. फळ गोल निघालं, तर मी म्हणणारच, आक्कानं मुद्दाम तसली आठळी डब्यात वर ठेवली. आणि चपटं निघालं, गोड निघालं, तुझ्या झाडासारखं निघालं, तर विचारणार, मग इतकी वर्षं का दिली नाहीस?

दोन्हीकडून सापडलीस, आक्का. आता काय म्हणायचं ते म्हण.

म्हण ना गं काहीतरी.